सोळाव्या दगडापाशी

भावसिंगला पळायला मी शिकवलं नाही. तो लहानपणापासून पळतच होता. मी त्याला फक्त मोजायला शिकवलं, आणि चूक नेमकी तिथंच झाली.

१९७३ चा माघ महिना होता. दोन वर्षं पाऊस झाला नव्हता. दुष्काळ निधीसाठी हिंगोलीत मोठी दौड ठरली. सव्वीस मैल. जो पुरी करील, त्याच्या गावाला निधीतला हातपंप आधी मिळणार होता. गोरेगावजवळच्या तांड्याकडून भावसिंगचं नाव मीच कळवलं. चौथीपर्यंत तो माझ्या शाळेत होता. आता बावीस वर्षांचा झाला होता आणि दुष्काळी कामावर खडी फोडत होता. कामाला सुट्टी असली की हिंगोलीच्या रस्त्यानं तेरा दगड जायचं आणि तेरा यायचं, असं मी त्याला आखून दिलं होतं. सव्वीस दगड झाले की दौड झाली, इतकं सोपं.

दौडीच्या सकाळी मैदानावर तीन-चारशे पळणारे जमले होते. कुणी परभणीचे, कुणी नांदेडचे. बऱ्याच जणांच्या पायांत कॅनव्हासचे बूट. भावसिंग अनवाणी होता. त्याची आई रूपाबाई घागर घेऊन कडेला बसली होती. भावसिंग मुठी आवळत होता, सोडत होता, आणि दर थोड्या वेळानं आडोशाला जाऊन येत होता. शेजारचा एक बूटवाला हसत म्हणाला, "काय दोस्त, एस.टी. चुकली म्हणून पळत निघाला का?" भावसिंग हसला, पण त्याचे ओठ कोरडे पडले होते.

तेवढ्यात कर्ण्यावरून मार्ग सांगितला गेला. कळमनुरी गाठायची, तिच्यापुढं तीन किलोमीटर जायचं आणि त्याच रस्त्यानं परत यायचं. एकूण बेचाळीस किलोमीटर.

किलोमीटर हा शब्द ऐकला आणि माझी चूक मला दिसली. पाच-सहा वर्षांपूर्वी रस्त्यावरचे मैलांचे जुने दगड काढून किलोमीटरचे लावले होते. लावणाऱ्या मजुरांना शाळेच्या ओट्यावर बसवून मी चहा पाजला होता. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर, हे दरवर्षी फळ्यावर लिहून देणारा मीच. आणि भावसिंगला आखून देताना मात्र माझ्या डोक्यात लहानपणचेच दगड होते. तो सव्वीस किलोमीटरच्या पुढं कधीच पळाला नव्हता.

सांगावं की न सांगावं, हा प्रश्न फार वेळ टिकला नाही. वर्गात चूक झाली तर ती मी मुलांसमोर पुसून दुरुस्त करत आलो होतो. मी त्याला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. सोळा किलोमीटर जास्त आहेत, नाव मागं घेतलंस तरी कुणी तुला बोलणार नाही, दोष माझा आहे, असंही सांगितलं.

त्यानं विचारलं, "गुरुजी, याडी पाणी आणते ती विहीर किती लांब?"

याडी म्हणजे त्याची आई. विहीर तांड्यापासून तीन किलोमीटर होती. जाऊन-येऊन सहा.

"मग बेचाळीसमधी किती खेपा?"

"सात."

त्यानं बोटांवर हिशोब केला. रूपाबाई सकाळी दोन खेपा करत होती, संध्याकाळी एक. "दोन दिवस आन वर एक खेप," तो म्हणाला. "तिच्या डोक्यावर घागर ऱ्हाते. मी तर रिकामाच हाव."

भीती गेली नव्हती. मी एवढंच सांगितलं, की बूटवाल्यांच्या मागं धावू नकोस, याडीच्या चालीनं नीघ.

दौड सुटली तेव्हा तो सगळ्यांच्या मागं होता. मी समितीच्या जीपमधून गेलो आणि हिंगोलीपासूनच्या सोळाव्या दगडापाशी उतरलो. पुढून वळून परत इथं येईस्तोवर त्याचे सव्वीस किलोमीटर भरणार होते. माझं शिकवणं तिथं संपत होतं.

ऊन चढलं. पुष्कळ जण वळून हिंगोलीकडे निघून गेले, काही जण बाभळीखाली आडवे झाले. त्यात तो बूटवालाही होता. अकराच्या सुमाराला भावसिंग आला. तळपाय फुटले होते, तोंडाला फेस होता. मी तांब्या पुढं केला. दोन घोट पिऊन उरलेलं पाणी त्यानं सांडू न देता परत दिलं.

"किती झाल्या?"

"चार झाल्या. पाचवी चालू आहे."

दगडाकडे न बघता तो पुढं निघाला. वळणाआड जाईस्तोवर मी त्याची पावलं मोजत राहिलो.

दुपारी दोनला तो मैदानावर आला तेव्हा कर्णा उतरवून झाला होता, पण समितीच्या वहीत पुरी करणाऱ्यांत त्याचं नाव लिहिलं गेलं. रूपाबाई तिथंच बसून होती. घागर कलती करून तिनं त्याच्या पायांवर पाणी ओतलं. त्या सालात तांड्यातलं कुणी असं पाणी ओतताना मी पाहिलं नव्हतं.