मेलेला ठोका

ठमीने हेडफोन कानावर दाबून धरला आणि पुन्हा ऐकलं. ठोके दुप्पट पडत होते, दम न घेता, कुणीतरी नखाने टेबल वाजवत बसल्यासारखे. काल संध्याकाळीही तसेच पडत होते, तेव्हा तिने रिसीव्हरवर खापर फोडलं होतं. आज बॅटरी नवी होती, केबल नवी होती आणि खापर फोडायला काही उरलं नव्हतं.

"काय म्हणतेय तुमची आत्याबाई?" दादाने व्हॅनच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं.

"काही म्हणत नाहीये. मेलीये बहुतेक."

आत्याबाई म्हणजे अस्वल. ठमी विद्यापीठात वन्यजीवशास्त्र शिकत होती आणि शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाला तिने गावाबाहेर वावरणारी अस्वलं घेतली होती. तिला प्रबंधासाठी मार्गदर्शन करणाऱ्या मॅडमनी ज्यांच्या गळ्यात रेडिओचे पट्टे बांधले होते, त्यांतली दोनच आता मागे उरली होती. त्यातली ही म्हातारी. वाटेतलं एकेक वारूळ हुंगायची, उकरायची, नापसंतीने फुरफुरायची आणि पुढे जायची. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरून डबे उघडून बघणाऱ्या आत्यासारखी. एकदा जिराफ तसं म्हणाला आणि नाव चिकटलं. जिराफ म्हणजे ठमीचा वर्गातला जोडीदार. तो सध्या तापाने फणफणून पडला होता.

अस्वल हिंडतंफिरतं असलं की पट्ट्यातून सावकाश ठोका येतो. पट्टा बराच वेळ हललाच नाही, की ठोका आपोआप दुप्पट होतो. मॅडम त्याला 'स्थिर ठोका' म्हणत आणि विद्यार्थ्यांनीही तसंच म्हणावं असा त्यांचा हट्ट होता. पण त्यांची पाठ फिरली की सगळे 'मेलेला ठोका'च म्हणायचे. आजवर जेव्हा जेव्हा तो लागला, तेव्हा शेवटी मढंच सापडलं होतं, नाहीतर कुणीतरी कापून फेकलेला पट्टा.

असा ठोका लागला की मॅडमना कळवून थांबायचं, आणि कधीही एकट्याने जायचं नाही, असे दोन नियम होते. मॅडम परिषदेहून परतीच्या विमानात होत्या, फोन बंद. उन्हात मढं एक दिवस जास्त पडलं, तर विष होतं, फास होता की म्हातारपण, हे नंतर कुणाचा बापही सांगू शकत नाही. म्हणून ठमीने दुसरा नियम दादाला बरोबर घेऊन पाळला आणि पहिला मोडला.

दादा दवाखान्यांच्या चादरी धुलाईला नेणारी व्हॅन चालवायचा. आज त्याची सुट्टी होती, तरी व्हॅनला साबणाचा आणि गरम इस्त्रीचा वास होताच.

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, असं म्हणतात," तो उतरता उतरता म्हणाला. "हिला तर अंगभर आहेत."

"दादा, प्लीज. मला रडू येतंय."

"रड की. पण मेलेल्या अस्वलासाठी माझी सुट्टी घालवलीस, हे आईला सांगू नकोस. दोघांनाही जेवण मिळणार नाही."

समोर बंद पडलेली दगडाची खाण होती. खडी फोडायचं यंत्र गंजून एका बाजूला कललेलं, आणि त्याच्या पलीकडे सिमेंटचे मोठाले पाइप पडलेले, माणूस वाकून आत जाईल एवढे. मधल्या सगळ्या जागेत घाणेरीची काटेरी झुडपं माजली होती. ठमीने अँटेना डोक्यावर धरून हळूहळू फिरवली. पाइपांच्या दिशेला ठोका मोठा झाला. ती आवाज कमी करत चालू लागली, कारण जवळ गेल्यावर ठोका सगळीकडून सारखाच मोठा येतो आणि दिशा हरवते. थोडं चालायचं, आवाज उतरवायचा, पुन्हा चालायचं. शेवटी तिने अँटेनाची केबल काढून टाकली, तरी ठोका येत राहिला.

म्हणजे अगदी जवळ.

"वास येत नाहीये," ती म्हणाली.

"सर्दी झाली असेल तुला."

"नाही रे. कालपासूनचं मढं असेल तर वास यायला हवा. माश्या हव्यात."

पण ठोका दुप्पट चालला होता, आणि मेलेला तो मेलेला. कुणीतरी पट्टा कापून पाइपात टाकला असेल, असं तिने स्वतःला समजावलं. अस्वल दुसरीकडेच कुठेतरी सोललेलं पडलं असेल. सोलणारे अजून इथेच असले तर? दादाला आणायला नको होतं. पण दादा नसता तर ती इथवर आलीच नसती.

"ए शास्त्रज्ञ, तू थांब इथे," दादा म्हणाला. "पट्टा आहे ना फक्त? मी काढतो. तुझ्या पँटला आधीच काटे लागलेत."

"हात लावू नकोस. आधी बघ फक्त."

तो शीळ घालत पुढे गेला. पहिला पाइप रिकामा. दुसऱ्यात पालापाचोळा. तिसऱ्यापाशी तो गुडघ्यावर बसला, खिशातून मोबाइल काढला आणि त्याचा टॉर्च कसा लागतो ते शोधू लागला.

तेवढ्यात ठमीच्या कानातला ठोका थांबला.

क्षणभर काहीच नव्हतं. मग एक ठोका आला. मग बऱ्याच वेळाने दुसरा. मग तिसरा. सावकाश, ऐटीत, रोजच्यासारखा.

हे फक्त तिलाच ऐकू येत होतं. हेडफोन तिच्या कानावर होता. दादाच्या लेखी जग अजून तेच होतं, ऊन, पाइप आणि न सापडणारं टॉर्चचं बटण. पट्टा हलला होता. पट्टा आपण होऊन हलत नाही.

तिच्या डोक्यात सगळं एकदम, उलट्या क्रमाने, लख्ख झालं. वास नाही, कारण मढं नाही. आत्याबाई कालपासून हलली नाही, कारण हलायचं नव्हतं. पट्टा बांधताना तिचे दात झिजलेले बघून मॅडम म्हणाल्या होत्या की हिला आता पिल्लं व्हायची नाहीत. सगळ्यांनी ते वाक्य उचललं आणि विषय मिटवला. मादी बिळात पिल्लांना अंगाखाली घेऊन दिवसचे दिवस निपचित पडते, हे ठमीने परीक्षेत लिहिलं होतं. चांगले गुणही मिळवले होते.

ओरडायचं नाही, हे तिला माहीत होतं. दादा दचकून पळेल. पळणाऱ्याच्या मागे अस्वल येतं, आणि दगडगोट्यांवर त्याच्यापुढे माणसाची डाळ शिजत नाही. पण ओरडायला आवाज तरी कुठे होता? 

"दादा," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण घरातला, जिन्याच्या वरच्या पायरीवरून हाक मारायचा. "दादा, आई बोलावतेय."

"इथे?" तो हसला. हातातला टॉर्च नेमका तेव्हाच लागला.

"हो. पाइपात बघू नकोस. माझ्याकडे बघ. ऊठ हळूच, आणि माझ्याकडे ये."

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा कसा दिसत होता कोण जाणे. त्याचं हसू तसंच ओठांवर राहिलं आणि डोळ्यांतून गेलं. तो उठला. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं.

पाइपातून हवा सुटल्यासारखा आवाज आला. फुस्स. मग दातांवर दात आपटल्याचा. आणि त्याच्या मागे बारीक, चिरका, एकात एक मिसळलेला रडण्याचा आवाज.

"ठमे, काय आहे ते?"

"पळू नकोस. दादा, तुला आईची शपथ, पळू नकोस."

ती बाहेर आली. ठमीने तिला आजवर दुर्बिणीतूनच पाहिलं होतं, आणि दुर्बिणीत तिच्या रुंदीचा अंदाजच आला नव्हता. पाइपाचं तोंड काळं होतं, ते आणखी काळं झालं आणि मग त्याला तोंड फुटलं. दादाचा बूट खडीवर घसरला. तो खाली बसला, बसल्या बसल्या मागे सरकू लागला. अस्वल धावून आलं.

ठमी पुढे कधी झाली ते तिला कळलं नाही. तिने दादाचा शर्ट मानेपाशी मुठीत धरला आणि दुसऱ्या हाताने अँटेना डोक्यावर उंच केली. ती बोलत होती. काय बोलत होती तेही तिला नीट ऐकू येत नव्हतं, कारण कानात ठोके पडतच होते, सावकाश, अगदी निवांत. "जातोय आम्ही, जातोय गं, बघ, चाललो."

अस्वल थांबलं. इतकं जवळ, की पट्ट्यावर वाळलेला चिखल दिसत होता. त्याने मान खाली घालून जमिनीवर फुरफुर केली, खडी उडवली. पाइपात पुन्हा रडणं सुरू झालं. अस्वलाने मागे पाहिलं, पुन्हा यांच्याकडे पाहिलं, आणि तसंच उलट्या पावली, तोंड न फिरवता, पाइपाशी गेलं.

दोघं घाणेरीतून मागे मागे आले. काटे कुठे लागले ते घरी गेल्यावर कळणार होतं. दादाला किल्ली लावता येईना. ती खाली पडली, त्याने उचलली, पुन्हा पडली. शेवटी किल्ली तशीच टाकून तो चाकाला टेकून बसला आणि बाजूला वळून ओकला.

"पाणी देऊ?" ठमीने विचारलं.

"दे." मग तोंड पुसत तो म्हणाला, "मेलीये म्हणालीस."

"हो."

"तू म्हणालीस आणि मी तिच्या दारात डोकं घातलं, ठमे."

तिने बाटलीचं झाकण उघडून बाटली त्याच्या हातात दिली. तेवढ्यात फोन वाजला. मॅडम उतरल्या होत्या. पडद्यावर तिचे सकाळपासूनचे सगळे फोन त्यांना दिसले असणार.

"आत्याबाई जिवंत आहे," ठमी घाईघाईने म्हणाली. "व्यायलीये, मॅडम. खाणीतल्या पाइपात. आम्हाला वाटलं मेलेला... स्थिर ठोका होता. आम्ही जवळ गेलो. फार जवळ."

पलीकडे विमानतळावरची कसलीशी घोषणा चालू होती. मॅडम पिल्लांबद्दल विचारतील, असं तिला वाटलं. किती आहेत, डोळे उघडलेत का. त्यांनी विचारलं नाही.

"जिराफ तर आजारी आहे. बरोबर कोण होतं?"

"माझा भाऊ."

"तो कुठे आहे आता?"

"इथे. समोर."

"तुला दिसतोय?"

ठमीने पाहिलं. दादा चाकाला टेकून बसला होता. गुडघ्याला खरचटलेलं, केसांत पानं, आणि शर्टाची कॉलर तिच्या मुठीत चुरगळून तशीच वर राहिलेली.

"दिसतोय," ती म्हणाली.

"फोन ठेवू नकोस," मॅडम म्हणाल्या. "आणि त्याच्यावरची नजर काढू नकोस. मी येते."