आधी दाखवायचं घर

'घर पाहावं बांधून' असं म्हणणाऱ्या शहाण्याने घर विकून पाहिलेलं नसणार. पाहिलं असतं, तर त्याने बांधण्याचा एवढा बाऊ केला नसता.

ताईच्या घराला 'विकणे आहे'ची पाटी लागून अकरा महिने झाले होते. शहराबाहेरच्या वसाहतीतलं दुमजली घर. खाली बैठक आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. जिना जरा उभाच, आणि स्वयंपाकघरात भरदुपारीही दिवा लावावा लागे. पण पुढे अंगण होतं, अंगणात झोका होता, आणि लेक चिऊ याच घरात चालायला शिकली होती. नवऱ्याची बदली झाली नसती तर ताईने हे घर विकायचं नावही काढलं नसतं. तो पाच तासांवरच्या गावात एका खोलीत राहत होता आणि पंधरा दिवसांनी एकदा येत होता. फोनवर बाबा दिसला की चिऊ फोनलाच गाल लावून बसायची, मग त्या बिचाऱ्याला नुसता तिचा कान दिसायचा. घर विकलं की तिकडे घर घ्यायचं, शाळा सुरू व्हायच्या आत तिघांनी एका छपराखाली यायचं, एवढंच ठरलं होतं. सगळं त्या पाटीवर अडलं होतं.

पाटीवर नंबर होता छोट्याचा. छोट्या म्हणजे ताईचा धाकटा भाऊ, घरांचा एजंट. आई कामावर जायची तेव्हा दहा वर्षांच्या ताईनेच त्याला कडेवर वागवलं होतं. बुटाची नाडी बांधायला तिने शिकवलं, नोकरीचा पहिला अर्जही तिनेच लिहून दिला.

"नात्यात व्यवहार नको गं," नवरा म्हणाला होता.

"छोट्या काय परका आहे?" ताई उसळली होती. त्या दिवशी दोघांचं जेवण अबोल्यात झालं होतं.

छोट्याने किंमत ठरवली ती शेजारचं घर दोन वर्षांपूर्वी गेलं त्याहूनही वरची. "कमी करायची नाही, ताई. बाजार मंद आहे, पण आपण घाई दाखवली की लोक लचके तोडतात. माझ्यावर सोड."

तिने सोडलं.

दर शनिवारी गिऱ्हाईक यायचं. ताई पहाटे उठून फरशी पुसायची, तळणाचा वास नको म्हणून आदल्या दिवसापासून काही तळायची नाही, आणि चिऊची खेळणी वॉशिंग मशीनमध्ये कोंबायची. लोक कपाटं उघडतात, पलंगाखाली वाकतात, पण वॉशिंग मशीन कोणी उघडत नाही, हे ज्ञान तिला सातव्या गिऱ्हाइकानंतर झालं होतं. माणसं यायची, जिना चढताना धापा टाकायची, स्वयंपाकघरात "जरा अंधारच आहे नाही?" म्हणायची. चिऊ मागोमाग फिरून वरच्या खोलीतली ओल बोट लावून दाखवायची. "इथे भिंत रडते," असंही सांगायची. मग छोट्या घड्याळ बघून त्यांना गाडीत बसवायचा आणि जाता जाता ताईला अंगठा दाखवायचा. तो अंगठा बघून ती पुढचा आठवडा काढायची.

उलगडा झाला तो चिऊच्या बालवाडीच्या फाटकाशी. लाल चष्म्याची एक बाई नव्यानेच मुलाला सोडायला येऊ लागली होती. ताईने तिला लगेच ओळखलं. घरातला एकूण एक नळ सोडून बघणारी तीच ही!

"अहो, तुम्ही!" बाई खुशीत म्हणाली. "तुमचे तर उपकारच आहेत आमच्यावर. तुमचं घर बघितलं आणि लगेच पलीकडच्या नव्या कॉलनीतलं दाखवलं. आमचे हे म्हणजे महा चिकट, पण तिथल्या तिथे हो म्हणाले!"

"आमचं बघून?"

"मग काय! तुमचे एजंट हुशार हो. गाडीतच म्हणाले, आधी हे बघून घ्या, म्हणजे पुढच्याची किंमत कळेल." एवढं बोलल्यावर तिला आपण काय बोललो ते कळलं असावं. "म्हणजे... तुमचं अंगण छान आहे हं."

ताई घरी आली आणि चपला न काढता जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. मिशीवाले आजोबा, जुळ्यांची आई, ते नवं लग्न झालेलं लाजरं जोडपं. एकेक चेहरा समोर येऊ लागला. यातली किती माणसं आता नव्या कॉलनीत पडदे लावत होती, कोण जाणे. आणि ती मात्र शनिवारमागून शनिवार फरशी पुसत होती, दुसऱ्याच्या घरासाठी.

पुढचा शनिवार आला. छोट्या एका पोक्त जोडप्याला घेऊन आला. बाईंच्या गुडघ्याला पट्टा होता. ताईने खेळणी लपवली नव्हती, बैठकीत ठोकळे पसरलेले होते. छोट्याच्या कपाळावर आठी पडली.

"किंमत किती सांगितली तुम्हाला?" ताईने त्या काकांनाच विचारलं.

काकांनी सांगितली.

"ती चुकीची आहे. जास्त आहे. वर ओल आहे, जिना उभा आहे, स्वयंपाकघरात उजेड नाही. म्हणून आम्ही याहून बरंच कमी मागणार." तिने आकडा सांगितला. "आता हे तुम्हाला नव्या कॉलनीत नेतील. ते घर खरंच चांगलं आहे, जरूर बघा. फक्त हे घर त्या घराशेजारी ठेवून बघू नका. आम्ही मागतोय त्या पैशात बघा."

काकू हळूच खुर्चीवर टेकल्या. "खालच्या बैठकीत पलंग मावेल का हो?" त्यांनी विचारलं.

छोट्याने ताईला दंडाला धरून अंगणात नेलं.

"वेड लागलंय का तुला? गिऱ्हाइकासमोर?"

"किती घरं विकलीस माझं घर दाखवून?"

तो आधी हसला, मग झोक्याकडे बघत राहिला. "ताई, बाजार बसलाय. कॉलनीचा बिल्डर दर महिन्याला विचारतो, तिथली किती गेली. माझी नोकरी..."

"किती?"

"सहा."

"दुसऱ्या कोणाचं घर नव्हतं मिळालं?"

"दुसऱ्याने तीन महिन्यांत एजंट बदलला असता," छोट्या म्हणाला. सरळपणे, जणू हिशेब समजावून देत होता. "तू बदलणार नव्हतीस. आणि तसंही हे घर पटकन गेलं नसतंच गं. निदान कामाला तरी आलं."

ताईला वाटलं होतं, तो नाही म्हणेल. शपथा घेईल, चिडेल, लहानपणी कप फोडल्यावर रडायचा तसा रडेल. त्याने तिला खोटं सांगायचेही कष्ट घेतले नाहीत.

"किल्ली दे," ती म्हणाली.

त्याने खिशातून जुडगा काढला. तिच्या दाराची किल्ली इतर दहाबारा किल्ल्यांत अडकली होती आणि कडं काही केल्या उघडेना. दोघं भाऊबहीण खाली माना घालून ते कडं उघडत बसले. तिनेच शेवटी नखाने उघडलं.

सोमवारी ते काका-काकू आपले आपणच रिक्षाने आले. पलंगाचं माप त्यांनी दोरीने घेतलं, ओलीवर हात फिरवला, थोडी घासाघीस केली आणि हो म्हणाले.

ताईने नवऱ्याला फोन लावला. "घर ठरलं. किंमत मी उतरवली."

"छोट्याला विचारलंस?"

"छोट्याला आता काही विचारायचं नाही," ती म्हणाली, आणि मग सगळंच सांगितलं. सहा घरं, अंगठा, 'तू बदलणार नव्हतीस', सगळं. सांगून झाल्यावर ती ओठ घट्ट मिटून थांबली. 'मी म्हटलं होतं ना' हे आता येणार, आणि ते ऐकून घ्यायचं, असं तिने ठरवलं होतं.

"जेवलीस का?" त्याने विचारलं.

तेव्हा मात्र तिला रडू आवरेना. चिऊ येऊन तिच्या मांडीवर चढली आणि सवयीने फोनला गाल लावून बसली.

"इकडच्या शाळेत नाव घालून टाकू का हिचं?" नवरा त्या कानाला विचारत होता.

"घाल," ताई म्हणाली.