ताईच्या गाडीचा रंग

साठी उलटली तरी ताईच्या तोंडी तो अजून बारक्याच होता. पस्तीस वर्षं कवळ्या करण्यात गेलेला माणूस. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू आपल्या हातचं, असं तो सांगत फिरे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. प्लास्टरचा साचा, मेण, कोरायची बारीक सुरी, यात त्याचा हातखंडा. पण खरी मिजास रंगाची. कुणाच्या दाताचा पिवळेपणा नेमका कुठल्या छटेचा, हे त्याला दारातूनच कळे. त्यामुळे बोलताना त्याची नजर समोरच्याच्या डोळ्यांऐवजी दातांवरच असायची.

ताईच्या सत्तराव्या वाढदिवसाला गाडी द्यायची, असं त्याच्या मनाने घेतलं. खरी नव्हे. वीतभर लांब, खरीच्या अठरा पट लहान, पण हुबेहूब काकांची ती जुनी गाडी. काकांना चालवायचा कंटाळा, म्हणून ताई अठराव्या वर्षी शिकली आणि घरातली सगळी धावाधाव तिच्या गळ्यात पडली. उशीवर उशी ठेवून ती बसायची, तेव्हा कुठे तिला समोरचं दिसायचं. तिसरा गिअर मधेच सुटायचा, म्हणून तो एका हाताने दाबून धरायची. वळताना खिडकीतून हात दाखवायचं खातं बारक्याकडे. परीक्षेला उशीर झाला की ती गल्लीबोळातून अशी गाडी काढायची की बारक्याला पेपरची धास्तीच उरायची नाही. आपलं काही वाईट होऊच शकत नाही, असं त्याला त्या गाडीत वाटायचं. पुढे लग्न झालं, कवळ्यांची लॅब झाली, घर झालं, पण तसं पुन्हा कुठे वाटलं नाही.

गाडी महिन्याभरात उभी राहिली. घोडं अडलं रंगाशी. फोटो होते ते कृष्णधवल. सायीचा रंग म्हणावा तर जास्त पिवळा, चुन्याचा म्हणावा तर थंड. अकरा डब्या झाल्या तरी स्वारीचं समाधान होईना. शेवटी गुपित गेलं खड्ड्यात म्हणत तो तीन रंगवलेल्या पट्ट्या घेऊन ताईकडेच गेला.

ताई एकटी राहायची. भावजी गेल्यापासून दोन्ही मुलं ‘आमच्याकडे ये’ म्हणून मागे लागली होती, पण ती कुणाला दाद देत नव्हती. हातपाय धड आहेत तोवर इथून हलायची नाही, हे तिचं ठरलेलं उत्तर.

तिने पट्ट्या खिडकीशी नेल्या, मान तिरकी केली.

“मधली.”

“नक्की ना?”

“अरे, सहा वर्षं हाकली मी ती गाडी. मधली म्हणजे मधली.”

बारक्या खूश. पण रंग वाळला आणि त्याला पुन्हा शंका आली. पुढच्या आठवड्यात त्याने लॅबच्या टेबलावरून घाईघाईत नव्या तीन पट्ट्या उचलल्या आणि ताईचं घर गाठलं. पुन्हा खिडकी, पुन्हा तिरकी मान.

“मधली. अगदी हीच बघ.”

पट्टी परत हातात आली तेव्हा त्याने ती पाहिली. गुलाबी होती. हिरड्यांची गुलाबी. कुणाच्या तरी कवळीचा नमुना चुकून सोबत आला होता.

ताई थट्टा करतेय असं वाटून तो हसला. ती हसली नाही. मग कितीतरी वर्षांनी त्याने तिचे दात सोडून डोळ्यांकडे पाहिलं. ते त्याच्या कानाच्या पलीकडे कुठेतरी लागले होते. मागोमाग बाकीचंही ध्यानात यायला लागलं. गॅसच्या बटणाला बांधलेली दोऱ्याची गाठ. चहा ओतताना कपाच्या आत धरलेलं बोट. भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात जाणं. दर रविवारी येऊन इथे बसणारा हा रंगांचा पारखी इतके दिवस काय पाहत होता, कोण जाणे.

विचारायचं धाडस त्याला झालं नाही. विचारलं तर तिने उडवून लावलं असतं. मुलांना परस्पर सांगितलं तर जन्माचा अबोला धरला असता. आणि गप्प बसावं, तर घरात गॅस होता, जिना होता, आणि डोळ्यांत अजून वाचवण्यासारखं काही असलं तर तेही दिवसागणिक चाललं होतं.

घरी येऊन त्याने अकराच्या अकरा डब्या कपाटात कोंबल्या आणि गाडीच्या साच्याचं मेण नव्याने कोरायला घेतलं. पुढच्या जाळीच्या पट्ट्या खोल केल्या. दाराची फट बोटाला लागेल इतकी रुंद केली, नंबर उठावाचा केला. मोजमापाने पाहिलं तर सगळंच चुकीचं. डोळे मिटून तो गाडीवरून बोट फिरवायचा आणि जिथे ते अडखळणार नाही तिथे पुन्हा सुरी चालवायचा.

वाढदिवसाला मुलं संध्याकाळी यायची होती. बारक्या दुपारीच पोचला आणि गाडी तिच्या मांडीवर ठेवली.

“वा, काय सुंदर दिसते,” ताईने ठरल्यासारखी सुरुवात केली. बोटं जाळीवरून गेली, बॉनेटवरून मडगार्डवर आली, तिथे थांबली.

“हा पोचा. फाटकाच्या खांबाला ठोकली होती मी. तू काकांना सांगितलंस, माझी सायकल आदळली म्हणून.”

“दोन दिवस सायकल बंद झाली माझी.”

“आठवडाभर. रडत होतास मागच्या सीटवर बसून.”

तिने दार उघडलं, करंगळी आत घातली, गिअरची काडी चाचपली. चेहरा हळूहळू तरणा होत गेला. बराच वेळ ती टपावरून तळवा फिरवत राहिली.

“बारक्या, रंग कोणता दिलास रे?”

विचारलं आणि तिचं तिलाच कळलं. हात जागीच थांबला.

मधला, असं त्याला म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

“दिलाच नाही, ताई.”

“कधी कळलं तुला?”

“मागच्या वेळची मधली पट्टी गुलाबी होती.”

“गुलाबी,” ती म्हणाली. तिला हसू आलं, आणि हसता हसता रडू फुटलं. “आधी रंग गेले. आता माणसं आवाजावरून ओळखते. या घरात मला सगळं हाताला सापडतं रे. मुलांकडे गेले की मी आंधळी होईन.”

त्याला रडू आवरलं नाही आणि त्याने आवरलंही नाही.

“उद्या डॉक्टरकडे जाऊ. मी नेतो. घराचं काय ते मुलांशी तू बोल, मी शेजारी बसतो. ओढून कुणी नेणार नाही तुला.”

तिने डोळे पुसले.

“जरा हात दे बघू,” असं म्हणून जन्मात कुणाचा हात न मागितलेल्या ताईने हात पुढे केला. तो बारक्याकडे आलाच नाही, बाजूच्या रिकाम्या खुर्चीकडे गेला. बारक्या आवाज न करता उठला आणि त्या खुर्चीवर जाऊन बसला.