किनारीतली वाकडी रेघ

बाईंना सिनेमाचा मनापासून कंटाळा होता, आणि घरात सिनेमाची लॉबी कार्डं मात्र ट्रंकभर होती. थिएटरच्या दाराशी काचेच्या पेटीत टाचून ठेवायची ती जुनी रंगीत कार्डं. मधे सिनेमातला एखादा प्रसंग आणि भोवती छापलेली नक्षी. लोक ती नायक-नायिकांसाठी जमवतात. बाई जमवायच्या त्या नक्षीसाठी. वेली, पिसारे, झालरी, कोपऱ्यात नेमकी बसवलेली फुलं. मधे कोण कुणाला मिठी मारतंय की पिस्तूल रोखतंय, याच्याशी त्यांना काही सोयरसुतक नव्हतं. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली म्हणून त्या सगळ्यांच्याच बाई होत्या.

नवरा नेमका उलटा. त्यांची हयात थिएटरात प्रोजेक्टर चालवण्यात गेली, म्हणून गल्लीत त्यांना ऑपरेटर म्हणत. बाईंनी नवीन कार्ड आणलं की ते मागून डोकावत. "अगं, ही शेवटी मरते बरं का!" बाई म्हणत, "मरू दे. ते कोपऱ्यातलं पान बघा." ते पान ऑपरेटरांनी उभ्या संसारात एकदा बघितलं नव्हतं. याच्यावरून दोघांचं रोज वाजे, आणि त्यात दोघांचाही वेळ बरा जाई.

त्या दिवशी बाई दोन कामं उरकून आल्या. ऑपरेटरांच्या छातीत मध्यंतरी दुखत होतं, त्याचा रिपोर्ट दवाखान्यातून घेतला. आणि जुन्या बाजारातून एका संचातलं राहून गेलेलं कार्ड मिळवलं. रिपोर्ट चांगला होता. "काही नाही, ठीक आहे," असं ऑपरेटरांना पुटपुटत सांगून त्यांनी तो कपाटात टाकला आणि चष्मा पुसून कार्ड घेऊन बसल्या.

काळी दुहेरी रेघ आणि दोन्हींच्या मधून सोनेरी पानांची वेल, अशी ती किनार. उजव्या बाजूला, मध्याच्या जरा खाली, रेघ वाकली होती. बाईंनी चष्मा परत पुसला. रेघ वाकडीच. त्याच संचातली जुनी कार्डं काढून शेजारी मांडली, तर त्यांच्या रेघा सरळ.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, कार्डच वाकडं आहे, आणि चहा टाकायला उठलं असतं. पण बाई पडल्या जाणकार. एका संचातली सगळी कार्डं एकाच ठशाची असतात, आणि ठसा काही एका कार्डापुरता वाकत नाही. म्हणजे वाकडं होतं ते डोळ्यांत. बाकीची कार्डं तर पाठच आहेत, म्हणून ती सरळ भासतात, असंही त्यांनी स्वतःला पटवलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात तो असा.

त्यांच्या थोरल्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं. आधी तिला दाराची चौकट वाकडी दिसायला लागली. सुताराला शिव्या घालून झाल्या, आणि मग हळूहळू तिच्या नजरेतला मधला भागच गेला. कडेकडेचं दिसे, पण समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नसे. शेवटी ती बाईंना आवाजावरून ओळखायची.

आयुष्यभर कडा जमवल्यास ना, घे आता, कडाच घे, असं कुणीतरी म्हणत असल्यासारखं बाईंना वाटलं. त्यांनी ट्रंक बंद केली. डॉक्टरकडे जायला पाय उचलेना, कारण एकदा का त्याने दुखण्याचं नाव घेतलं की ते खरं झालं. घरातल्या चौकटींकडे बघायचीही त्यांची छाती होईना.

त्या बघू लागल्या ते नवऱ्याकडे. जेवताना, पेपर वाचताना, ते खुर्चीत पेंगत असताना. एका भुवईतला एक केस सगळ्यांशी भांडून उभा राहतो, हे त्यांना पहिल्यांदाच दिसलं. हसण्याआधी ते खालचा ओठ आत ओढतात, हेही. इतकी वर्षं हा चेहरा समोर होता आणि आपण कुठे बघत होतो, या विचाराने बाई जेवण सोडून त्यांच्याकडेच बघत राहिल्या.

तशात ऑपरेटरही बदलले. चहात साखर कमी पडली तरी निमूट पिऊ लागले. एरवी गॅसचं सिलिंडर तेच बदलत; एक दिवस त्यांनी कॉक कसा बसवायचा ते बाईंना हाताने चाचपायला लावून शिकवलं. आवाजसुद्धा मऊ. आपल्या डोळ्यांचं ह्यांना कळलंय, बाईंनी ओळखलं.

एका दुपारी ऑपरेटर जवळ येऊन बसले.

"तुझी ती कार्डं काढ बघू. आज मला कडा दाखव."

"तुम्हाला? कडा?"

"एकदा बघतो की. तू इतक्या जिवापाड जमवल्यास."

नाही तरी कसं म्हणणार? बाईंनी ट्रंक उघडली. ऑपरेटरांनी एकेक कार्ड हातात घेऊन किनारीवरून सावकाश बोट फिरवलं. मधल्या नायिकांकडे ढुंकूनही बघितलं नाही. मग ते कार्ड आलं आणि बोट थांबलं.

"ही रेघ इथे झोकांड्या खातेय की गं!"

"काय म्हणालात?"

"वाकडी आहे. ब्रशने ओढलीय. कार्डं ह्या थिएटरातून त्या थिएटरात फिरायची, टाचण्या मारमारून कडा फाटायच्या. मग मागून कागद चिकटवायचा आणि बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरला म्हणायचं, मार रेघ. आमच्या पेंटरची तर जेवणानंतर एक रेघ सरळ येत नसे." त्यांनी कार्ड उलटं केलं. मागे ठिगळ होतं. घाबरलेल्या बाईंनी कार्ड उलटून बघितलंच नव्हतं.

"तुम्हालाही वाकडी दिसते?"

"मला काय, आंधळ्यालाही दिसेल."

बाई उठल्या. दाराची चौकट बघितली, कपाटाची कड बघितली, खिडकीचे गज एकेक करून बघितले. सगळं सरळ होतं. मग त्या तिथेच जमिनीवर बसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. छातीवरचा धोंडा उतरला, असं त्यांनी मोठ्याने बोलूनही दाखवलं. बहिणीचं, रेघेचं, सगळं भडाभडा सांगून टाकलं.

"वेडी आहेस," ऑपरेटर म्हणाले. "तरीपण उद्या डोळे दाखवून येऊ." मग घसा खाकरून त्यांनी विचारलं, "म्हणजे... माझ्या रिपोर्टात काही नाहीये?"

"तुमच्या? नुसतं पित्त. त्या दिवशीच नाही का सांगितलं!"

"सांगितलंस. पण त्याच दिवसापासून माझ्याकडे अशी टक लावून बघायला लागलीस. मला वाटलं, आपले दिवस भरले आणि ही सांगत नाही." त्यांनी डोळे पुसले. "मी गॅस शिकवला तुला. कडा बघितल्या."

"तुमचा चेहरा नीट बघून ठेवत होते," बाई म्हणाल्या. "पुढे दिसला नसता म्हणून."

ऑपरेटरांनी कार्ड खाली ठेवलं आणि खालचा ओठ आत ओढला.

"मग बघ की," ते म्हणाले. "आता काही घाई नाही."