चाळीस रिकाम्या घागरी

बीड जिल्ह्यात युसूफ वडगावहून आत वळलं की तिसरं गाव, एवढी खूण पुरे. नाव सांगितलं तर अर्जुनराव ओळखू येतील, आणि ओळखू आलेल्या माणसाची मजा घेता येत नाही.

त्या गावच्या झेडपी शाळेत राजश्री मॅडम नव्यानं आल्या होत्या. मनानं फार चांगल्या, आणि चांगल्या माणसांना असतो तसा उपक्रमांचा नाद त्यांनाही होता. आधी प्लास्टिक गोळा करणं झालं. मग चिमण्यांसाठी पाण्याची भांडी टांगून झाली. चिमण्या आल्या की नाही माहीत नाही, भांडी मात्र आठवड्यात उडाली. मग मार्च आला आणि जलदिन आला. परदेशातल्या कुठल्याशा संस्थेनं जगभर हाक दिली होती: तहानलेल्या देशांतल्या बायांच्या पाठिंब्यासाठी सगळ्यांनी एक दिवस रिकामं भांडं घेऊन निघायचं, दूरवर जाऊन पाणी भरायचं आणि चालत परतायचं.

मॅडमनी वस्तीतल्या बुद्धविहारात बायांना जमवलं आणि मोबाइलवर फोटो दाखवले. चड्ड्या घातलेली गोरी माणसं, हातात बादल्या, तोंडभर हसू.

"ह्यांच्या घरी नळ न्हाईत व्हय?" बायनाबाईनं विचारलं.

"आहेत ना. चोवीस तास पाणी असतं."

"मग कावून हिंडायलेत?"

"त्रास समजून घ्यायला, मावशी. आफ्रिकेत काही ठिकाणी बायांना पाण्यासाठी रोज सहा किलोमीटर चालावं लागतं!"

बायांनी मनातल्या मनात आपापल्या खेपा मोजल्या. ओढ्यापलीकडच्या विहिरीवर जाऊन येऊन एक खेप, अशा सकाळी तीन, म्हणजे सात किलोमीटर.

"बिचाऱ्या," मंगल म्हणाली. "आपल्यापेक्षा एक किलोमीटर कमीच हाय, पर ऊन लई असंल तिकडं."

सगळ्या हसल्या. बायनाबाई हसली नाही. तिची सून पौर्णिमा भिंतीला टेकून बसली होती, तिला आठवा सरून नववा लागला होता. मुलगा अनिल लातूरला कंपनीत. बायनाबाईचे गुडघे दोन वर्षांपूर्वीच गेले, तिला ओढा उतरवत नव्हता. म्हणजे तिन्ही खेपा पौर्णिमाच करायची, तेवढं पोट घेऊन, ओढ्याच्या निसरड्या दगडांवरून. रोज सकाळी सून परत येईपर्यंत बायनाबाईचा जीव टांगणीला लागलेला असायचा. चूल पेटवायची, पण लक्ष सगळं वाटेकडे.

वस्तीच्या तोंडाशी नळ होता. नव्या टाकीची पाइपलाइन, चकचकीत तोटी, वर उद्घाटनाची पाटी. उद्घाटनानंतर महिनाभर पाणी आलं, मग पाइप फुटला. दीड वर्षं झाली, पाइप फुटलेलाच. कुठं फुटला हे कुणी पाहिलं नव्हतं. पाणी सोडणारा सटवा एवढंच सांगायचा, "खाली फुटलाय, वरून माणसं येणार हायत." त्याच टाकीवरून अर्जुनरावांच्या मोसंबीला मात्र पाणी जात होतं, आणि मोसंबी काही बोलत नव्हती. अर्ज झाले, ग्रामसभेत बोलून झालं. अर्जुनराव माजी सरपंच असले तरी गाव त्यांच्याच शब्दावर हलायचं, आणि त्यांचा शब्द असा की पाइप फुटलाय.

मॅडमनी विचारलं, "रॅलीचं नेतृत्व कोण करणार?"

"मी करते," बायनाबाई म्हणाली.

सगळ्या बाया तिच्याकडे बघायला लागल्या. घरातल्या घरात भिंत धरून चालणारी बाई!

"पर सकाळी साडेआठला निघायचं. आन् वाट अर्जुनरावाच्या दारावरून. गावातल्या मोठ्या माणसाला तरी कळाया पायजे की जगात काय चाललंय."

मॅडमना ते फार पटलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. मग संस्थेचा कागद वाचून म्हणाल्या, गर्दी होऊ नये म्हणून दोन गट करा.

"दोन गट तर लईच ब्येस," बायनाबाई म्हणाली.

घरी येताना पौर्णिमानं विचारलं, "आत्याबाई, काय शिजतंय?"

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. अर्जुनराव कुणाला भीत नसत. तहसीलदाराला नाही, कलेक्टरला नाही. भीत होते ते फक्त रिकाम्या घागरीला. भरली घागर सामोरी आली तर काम फत्ते, रिकामी आडवी आली तर बुडालं, ही त्यांची अढळ श्रद्धा. म्हणून ते महत्त्वाच्या कामाला निघाले की त्यांची बायको मुक्ताबाई भरली कळशी घेऊन फाटकात उभी राहायची. ते कळशीत नाणं टाकत आणि गाडीत बसत. एकदा कारखान्याच्या निवडणुकीला जाताना कुणाचीशी रिकामी घागर आडवी आली, ते हट्टानं तसेच गेले आणि तीन मतांनी पडले. तेव्हापासून घागर दिसली की परत फिरायचं, चपला काढायच्या, पाणी प्यायचं, थोडं बसायचं आणि पुन्हा निघायचं. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं.

आणि रविवारी, जलदिनाच्याच दिवशी, बाराच्या ठोक्याला अर्जुनरावांची बीडला पक्षाच्या तिकिटासाठी मुलाखत होती. ही बातमी सटवानंच छाती फुगवून वस्तीत सांगितली होती.

"पर आपण शकुन मानत न्हाई ना?" पौर्णिमा म्हणाली. ती बारावी झालेली, तिला हे खटकलं.

"न्हाईच मानत. माझ्या सासऱ्यानं छप्पन साली धम्म घेतला, तवाच घरातल्या देवांसंगट शकुन-अपशकुन नदीत सोडून आलता." बायनाबाई गुडघा चोळत म्हणाली. "त्यो मानतो न्हवं? ज्येचं दुखणं, त्येला त्येचंच औषध."

रविवारी साडेआठला अर्जुनराव कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून पायऱ्या उतरले. फाटकात मुक्ताबाई कळशी घेऊन उभी. त्यांनी खिशात नाण्यासाठी हात घातला, आणि समोरच्या रस्त्यावरून वीस बाया आल्या. प्रत्येकीच्या कमरेला घागर, आणि घागर अशी कलती धरलेली की आतला काळोख सरळ अर्जुनरावांच्या डोळ्यांत जावा. पुढं बायनाबाई, एका हातात काठी, दुसऱ्या हातात फलक: 'जगातल्या तहानलेल्यांसाठी'.

अर्जुनराव जागच्या जागी थिजले. मग वळले, आत गेले, चपला काढल्या, पाणी प्याले, पाच मिनिटं बसले. पुन्हा उतरले. बायनाबाईचे गुडघे धड नसल्यानं मोर्चा अजून फाटकासमोरच होता.

"बायांनो, सावकाश जा गं," मुक्ताबाई म्हणाली. "घाई कशाची हाय?" तिचा चेहरा गंभीर होता. फार गंभीर.

अर्जुनरावांनी ड्रायव्हरला गाडी मागच्या दारी घ्यायला सांगितली. मागचं दार उघडलं तर तिथून मंगल दुसरा गट घेऊन घोषणा देत येत होती. राजश्री मॅडम मोबाइलवर व्हिडिओ काढत पुढं आल्या.

"सर, दोन शब्द बोला ना! हे जगभर जाणार आहे."

तिकिटाच्या दिवशी, कॅमेऱ्यासमोर, तहानलेल्या बायांवर ओरडता येत नाही एवढं राजकारण अर्जुनरावांना येत होतं. "लई चांगला उपक्रम," ते म्हणाले आणि पुन्हा आत गेले. पुन्हा चपला, पुन्हा पाणी. चौथ्या तांब्यानंतर त्यांना वेगळीच घाई लागली.

साडेनऊ वाजले. बीड दीड तासावर. ते पुढच्या फाटकाशी आले, नजर आकाशाकडे ठेवून, घागरी दिसू नयेत म्हणून.

"बायनाबाई, किती वेळ चालायचं हे?"

"आता विहिरीवर जायाचं, भरायचं, परत यायचं. माझ्या चालीनं दुपार व्हईल. मग भरल्या घागरी घिऊन ह्याच वाटंनं येताव की! लई चांगलं दिसतंय म्हनं."

"माझ्या बोअरवर भरा. आत्ता भरा. सगळ्यांनी भरा!"

बायनाबाईनं मान हलवली. "तसं चालत न्हाई. मॅडमचा कागद हाय. ज्येनं त्येनं आपल्याच पाण्याच्या जागी भरायचं. आता वस्तीतला नळ चालू असता तर चाळीस पावलांत काम झालं असतं. पर त्यो तर फुटलाय."

असलं काही त्या कागदात नव्हतं. मॅडम सांगायला तोंड उघडणार तोच मुक्ताबाईनं त्यांना चहा विचारला.

अर्जुनराव गर्रकन वळले. "सटवा! इकडं ये. त्यो पाइप खरंच फुटलाय का बे?"

सटवा साधा माणूस. मालकानं चारचौघांत विचारलं, त्यानं चारचौघांत उत्तर दिलं.

"मालक, तुमीच म्हणलतात ना, फुटलाय म्हणून सांग."

तोवर मागचा गटही फाटकाशी आला होता, त्यामुळं चाळीसही बायांनी ते ऐकलं. मग मुक्ताबाईला जोराचा खोकला लागला आणि ती पदर तोंडाला लावून पाठमोरी झाली.

"जा, सोड पाणी," अर्जुनराव घड्याळाकडे बघत म्हणाले. "पळ!"

दीड वर्षं फुटलेला पाइप सात मिनिटांत सांधला गेला. तोटीनं आधी हवा सोडली, मग गंजाचं तांबडं पाणी, मग स्वच्छ धार. बाया आधी नुसत्या बघत राहिल्या. कुणीतरी रडलं, कुणीतरी शिवी दिली. मग घागरी लागल्या.

साडेदहाला दहा मिनिटं कमी असताना चाळीस भरल्या घागरी फाटकासमोर उभ्या राहिल्या. सगळ्यांत पुढं पौर्णिमा. भरल्या दिवसांची बाई, भरली घागर. यापेक्षा मोठा शकुन अर्जुनरावांच्या शास्त्रात नव्हता. ज्या घरात वस्तीतल्या माणसासाठी अजून वेगळी कपबशी वळचणीला ठेवलेली असे, त्या घरचा मालक पौर्णिमासमोर वाकला आणि तिच्या घागरीत नाणं टाकून, डोळे मिटून पुटपुटला. बायनाबाईला त्या क्षणी हसू आलं नाही. राग आला. आजवर हीच बाई हीच घागर घेऊन ओढा उतरत आली होती, तेव्हा ती त्याला दिसली नव्हती.

गाडी गेली. बाया घरी गेल्या. मॅडम रडवेल्या झाल्या, कारण चालणं झालंच नव्हतं.

अर्जुनरावांना तिकीट मिळालं. आता ते घागरींचंच यश, यात त्यांना शंका उरली नाही, आणि प्रचार सुरू झाल्यापासून त्यांना रोजच बाहेर पडायचं असे. त्यामुळं सटवा रोज सातला पाणी सोडू लागला. एप्रिलात एक दिवस मात्र तो विसरला, किंवा मोसंबीला लई ऊन लागलं असावं. बायनाबाई कुणाला काही बोलली नाही. तिनं रिकामी घागर घेतली, अर्जुनरावांच्या फाटकासमोरच्या लिंबाखाली जाऊन बसली आणि चिंचा फोडायला लागली. सुरू झालेली गाडी बंद झाली. अर्ध्या तासात नळ सुरू झाला. पुन्हा सटवा विसरला नाही.

त्याच आठवड्यात पौर्णिमाला मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणल्यावर बायनाबाईनं बाळाला नळाच्या पाण्यानं न्हाऊ घातलं. पाणी ओतताना ओढ्यातले ते निसरडे दगड तिच्या डोळ्यांपुढं आले, आणि तेव्हा मात्र ती हमसून रडली.

महिनाअखेरीस राजश्री मॅडम संस्थेचा फॉर्म घेऊन आल्या. "मावशी, एकूण चाललेलं अंतर काय लिहू?"

"नळापासून घरापतूर. चाळीस पावलं."

मॅडमनी नाइलाजानं लिहिलं. "आणि शेवटचा रकाना. जगातल्या इतर महिलांसाठी संदेश."

बायनाबाईनं फळीवरच्या डब्यातून अर्जुनरावांचं ते नाणं काढलं आणि मॅडमच्या हातावर ठेवलं.

"हे आफ्रिकेतल्या बायांना पाठवा. आन् लिवा, बायांनो, पाणी कोण अडवतंय त्ये तुमाला ठावंच असंल. त्यो कशाला भितो, तेवढं हुडका."