आर्द्रेच्या आधीचा रस

आंब्याचे दिवस कधी संपले हे आमच्या घरात माझ्या सासूबाई, म्हणजे बा, सांगतात. बाजारात पेट्या पडलेल्या असोत, घरात गवतावर डझनभर केशर आंबे पिकत असोत, आर्द्रा नक्षत्र लागायच्या आदल्या दिवशी बा शेवटचा रस खातात, चूळ भरतात आणि हात जोडून आंबा सोडतात. त्यांच्यामागे सगळ्या घराला सोडावा लागतो. पावसाळी हवेत फळात जीव पडतात, ते आपल्या पोटात कशाला, असं त्यांचं म्हणणं. सासर जैन, माझं माहेर राजकोटच्या वैष्णव वाण्यांचं, तिथे आंबा संपेपर्यंत आंबा खातात. लग्नाच्या पहिल्याच वर्षी आर्द्रा लागल्यावर मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या एक आंबा चोखला आणि बांनी तो पाहिला. तेव्हा जे भांडण सुरू झालं ते माझ्या डोक्यात पांढरे केस आले तरी मिटलेलं नाही.

आम्ही कशावरूनही भांडायचो. आमटीतल्या गुळावरून, पाणी उकळायच्या पातेल्यावरून, मी दार आपटून लावते की दारच तसं आहे यावरून. माझा नवरा रश्मिन याचं शिहोरच्या बाजारात पितळी भांड्यांचं दुकान आहे. दिवसभर तिथली ठोकाठोकी ऐकून तो घरी यायचा आणि आमची ऐकायचा. फार झालं की ‘पुरे आता’ म्हणायचा. आम्ही दोघी मग त्याच्यावरच तुटून पडायचो.

बांचा आंब्याचा त्याग ठरलेल्या शब्दांत असायचा. ‘पुढच्या अक्षय तृतीयेपर्यंत त्याग,’ म्हणायच्या, आणि मला डिवचायला वर जोडायच्या, ‘ज्यांना जमतं त्यांच्यासाठी.’ अक्षय तृतीयेला पहिला रस वाढला की त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा व्हायचा. एक त्याग मात्र मी वेगळा पाहिला होता. सासरे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी बांनी बेसनाचा तळलेला गाठिया सोडला, कारण सासऱ्यांचा दिवस ताज्या गाठियाशिवाय उगवत नसे. तेव्हा त्यांनी मुदत घातली नव्हती. ‘जावज्जीव,’ एवढंच म्हणाल्या होत्या. म्हणजे जिवात जीव असेतोवर. त्यानंतर भावनगरच्या लग्नांमधून ताटात गाठिया आला की त्या नुसत्या बाजूला करायच्या, जणू तो पदार्थ त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

यंदा उन्हाळ्यात बांचं खाणं कमी झालं, डोळे पिवळे दिसायला लागले. भावनगरच्या डॉक्टरांनी अहमदाबादला धाडलं. तपासण्या झाल्या, आणि निकाल ऐकायला बोलावलं तो दिवस नेमका आर्द्रेच्या आदला होता.

डॉक्टरांनी बांना बाहेर बाकावर बसवलं आणि आम्हा दोघांना आत घेतलं. बराच वेळ ते काय काय सांगत होते. त्यातलं मला एवढंच कळलं की शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, आणि दिवाळीच्या पुढचं धरू नये. रश्मिन टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होता. शेवटी त्याने एकच प्रश्न विचारला.

“आंबा चालेल?”

“आवडीचं काहीही चालेल,” डॉक्टर म्हणाले. हेच डॉक्टर गेल्या खेपेला मिठाच्या चिमटीवरून आम्हाला रागावले होते.

बाहेर आल्या आल्या बांनी विचारलं, “काय म्हणाला?”

“अशक्तपणा आहे. गोळ्या बदलल्यात,” रश्मिन म्हणाला.

“मग इतका वेळ आत काय गोळ्या वळत होतात?”

एरवी मी म्हटलं असतं, तुमच्या तक्रारींची यादी वाचत होतो, ती काय लवकर संपते! पण जीभच उचलेना. “गर्दी होती, बा,” मी म्हणाले. “पाणी देऊ?”

गाडीत मी पुढे न बसता मागे त्यांच्याशेजारी बसले. पाठीशी उशी दिली. अहमदाबाद मागे पडल्यावर पदर खांद्यावर ओढत त्या म्हणाल्या, “हा एसी हाडांत शिरतो.” मला उकाडा सोसत नाही. गाडीतल्या एसीवरून आमची दर प्रवासात जुंपते, आणि दर वेळी मीच जिंकते. आज मी पुढे हात घालून एसी बंद केला आणि काच खाली केली. बा माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. मग बाहेर बघायला लागल्या.

भाल भागातल्या सपाट रानात नांगरलेली काळी शेतं पावसाची वाट बघत पडली होती. जमिनीला भेगा होत्या, आणि दक्षिणेकडे खाडीच्या अंगाला ढगांची निळी फळी उभी होती. वेड्या बाभळीत कुठेतरी मोर ओरडत होते. दरवर्षी हे आभाळ पाहिलं की बा म्हणायच्या, ‘चला, आंबे उरका.’ आज म्हणाल्या नाहीत.

रश्मिनच म्हणाला, “बा, उद्या आर्द्रा ना? आज वाटेत डायनिंग हॉलमध्ये जेवू. रस खाऊ.”

“डब्यात थेपले आहेत.”

“थेपले काय रोजचेच.”

“अरे, तुला बरं वाटतंय ना?” बा म्हणाल्या. खरंच, हा माणूस प्रवासात कधी हॉटेलात शिरत नाही. आमच्या लग्नानंतर अंबाजीला निघालो होतो तेव्हाही एका झाडाखाली बसवून त्याने मला आईच्या हातचे थेपले खायला घातले होते.

“आज मला खायचाय रस,” तो म्हणाला.

अडचण सूर्याची होती. बा चौविहार पाळतात. दिवस मावळला की अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. धंधुक्याच्या अलीकडे भरवाड गुराख्यांचा गाईंचा कळप रस्त्यावर आला आणि गाड्यांची रांग लागली. ऊन तिरपं झालं होतं. रश्मिन सारखा हॉर्न वाजवत होता, खिडकीतून डोकं काढून ओरडत होता. दुकानात गिऱ्हाईकाने भांडं दहा वेळा उलटसुलट केलं तरी ज्याचा आवाज चढत नाही, तो हा माणूस! त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता.

“अरे, त्यांनाही घरी जायचंय,” बा म्हणाल्या. “नाही मिळाला रस तर नाही.”

“मिळेल,” तो म्हणाला. “का नाही मिळणार?”

डायनिंग हॉलसमोर उतरलो तेव्हा सूर्य शेतांच्या वर हातभर उरला होता. आत गर्दी. जैन थाळी सांगितली. केळ्याची भाजी, कढी, ढोकळा, फुलके असं भराभर ताटात पडत गेलं. वाटी मात्र रिकामीच राहिली.

“रस?” रश्मिनने वाढप्याला विचारलं.

“दुपारीच संपला, शेठ. आता सीझनच संपला. श्रीखंड आणू?”

रश्मिन उठला आणि तडक गल्ल्यावर गेला. गल्ला आमच्या टेबलापासून चार पावलांवर होता, सगळं ऐकू येत होतं.

“एक वाटी रस पाहिजे. आत कुठे असेल तर बघा. तुम्ही म्हणाल ते देतो.”

“असता तर दिला नसता का, काका?”

“माझ्या आईसाठी पाहिजे. उद्यापासून तिला चालत नाही.”

गल्ल्यावरचा माणूस हसतमुख होता. “मग त्यात काय!” तो म्हणाला. “पुढच्या वर्षी पोटभर खायला घाला.”

रश्मिन गल्ल्याची कड धरून नुसता उभा राहिला. त्या माणसाचं हसू हळूहळू मावळलं. तो उठला, एक शब्द न विचारता भटारखान्यात गेला, आणि स्वतःच्या हाताने दोन वाट्या घेऊन आला. घरच्यांसाठी ठेवलेल्या फळांचा तो रस असावा. रश्मिन त्या वाट्या आमच्या टेबलाकडे घेऊन आला. मला बांच्या तोंडाकडे बघायची हिंमत होईना.

बांनी पिशवीतून सुंठीची डबी काढली. ही डबी म्हणजे आमच्या भांडणाचं आणखी एक ठिकाण. रसात सुंठ घालणं म्हणजे चांगल्या आंब्याचा खून, असं मी दरवर्षी म्हणते, आणि दरवर्षी बा म्हणतात, ‘तुझ्या पोटात दुखेल तेव्हा येशील मागायला.’ आज डबीचं घट्ट बसलेलं झाकण मी उघडून दिलं.

रस शेवटच्या फळांचा होता. मी बोट लावून पाहिलं. रंग केशरी, पण चव पाणचट, किंचित आंबूस. बांनी पहिला चमचा घेतला आणि डोळे मिटले.

“गोड आहे,” त्या म्हणाल्या.

“खरंच?” रश्मिनने विचारलं.

“साखरेसारखा. तुझ्या बापाने तळाजाहून आणलेले आंबे आठवतात? तसा. घे, बघ.” त्यांनी चमचा भरून त्याच्यापुढे धरला. पन्नाशीला आलेल्या माझ्या नवऱ्याने भरल्या हॉलमध्ये आईच्या हातून तो घास घेतला.

गेले कित्येक दिवस चार घासांवर उठणाऱ्या बांनी ती वाटी संपवली. दुसरीही फुलक्याच्या तुकड्याने पुसून खाल्ली. रश्मिन जेवला नाही, त्यांच्याकडे बघत बसला. तो खूश होता. मीही होते. वाटलं, साधलं बाई एकदाचं. बांना काही कळलंही नाही, आणि शेवटचा रस पोटात गेला.

खिडकीबाहेर सूर्य शेताला टेकला. बा घरून आणलेलं उकळलेलं पाणी प्यायल्या, अन्नाचा कण वाया जाऊ नये म्हणून ताट धुवून तेही पाणी प्यायल्या, आणि तोंड पुसून बसल्या जागी त्यांनी हात जोडले. आधी चौविहाराचे रोजचे शब्द पुटपुटल्या. मग म्हणाल्या,

“आंबा. जावज्जीव त्याग.”

मी ऐकलं. रश्मिननेही ऐकलं. तो खुर्ची मागे सारून उठला आणि हात धुवायला म्हणून गेला. जेवलेला नव्हता, तरी बेसिनचा नळ सोडून आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

“बा, हे काय?” मी म्हणाले. “पुढच्या अक्षय तृतीयेपर्यंत म्हणायचं असतं ना?”

“दिवस मावळल्यावर खोटं बोलू नकोस,” बा म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. “तो डॉक्टरच्या खोलीतून बाहेर आला तेव्हा मला कळलं नव्हतं. त्याला तोंड पाडून बसायची सवयच आहे. तू एसी बंद केलास, तेव्हा कळलं.”

ताटातल्या ढोकळ्यावरच्या मोहऱ्या मी बोटाने गोळा करत बसले.

“दवाखान्यातून निघाल्यापासून एका शब्दाने भांडली नाहीस माझ्याशी,” त्या म्हणाल्या. “पाणी देऊ, उशी देऊ. मला वाटलं, आज संध्याकाळीच जाते की काय मी!”

“बा...”

“हात जोडून सोडलं की मन तिथे जात नाही. नाहीतर अंथरुणावर पडल्या पडल्या आंबाच आठवत राहायचा. त्याला नको सांगू असलं काही. त्याला वाटू दे, आईला रस गोड लागला.”

“नव्हता ना गोड?”

“आंबट होता मेला,” बा म्हणाल्या, आणि हसल्या. मग म्हणाल्या, “मी गेल्यावर तू आर्द्रा लागल्यावरही खाशील, मला माहीत आहे. खा. फक्त उभ्याने खाऊ नकोस. पाट घेऊन बस.”

मी पदरात तोंड घालून रडले. वाढप्याने आमच्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या टेबलाकडे वळला. हॉलमधले दिवे लागले होते, त्यांच्याभोवती पंखवाल्या मुंग्या जमायला लागल्या होत्या, आणि त्यातली एक माझ्या ताटात पडू नये म्हणून बांनी ताटावर हात धरला.

परतीच्या वाटेवर अंधार झाला. वारा पडला होता, गाडीत घामाच्या धारा लागल्या होत्या. वल्लभीपूरच्या अलीकडे बा म्हणाल्या, “लाव तुझा तो एसी.”

मी लावला.

“केवढा गार केलास! मारतेस का मला?”

“मग बंद करू?” मी म्हणाले.

“मी बंद कर म्हटलं का? थोडा कमी करता येत नाही? आणि थेपले तसेच राहिले डब्यात. उद्या वास मारतील.”

“ते काय माझ्यामुळे राहिले?”

“मग कोणामुळे? त्याला सांगायचं होतं, घरचं असताना हॉटेल नको म्हणून. नवऱ्याला दोन शब्द सांगता येत नाहीत, एवढी तोंडाची तलवार असून.”

“तुमच्या मुलाला तुम्ही सांगा! मी सांगितलेलं त्याने ऐकलंय कधी? आणि थेपल्यांत मेथी एवढी घालता की दोन दिवस तोंड कडू राहतं.”

“कडू! ऐकलंस का रे?”

रश्मिन समोर रस्त्याकडे बघत गाडी चालवत होता. एव्हाना त्याचं ‘पुरे आता’ यायला हवं होतं. ते आलं नाही. त्याने गाडी थोडी हळू केली.

मी बोलत राहिले. मेथीवरून पातेल्यावर गेले, पातेल्यावरून दारावर, दारावरून माझ्या लग्नात त्यांनी माझ्या आईला काय ऐकवलं होतं तिथवर. बा प्रत्येकाला उत्तर देत होत्या, एकही सोडत नव्हत्या. शिहोरच्या डोंगरावरचे दिवे दिसायला लागले. दिवाळीत बा माझ्याशी भांडायला असतील का, एवढंच डोक्यात आलं, आणि मी बोलायची थांबून काचेबाहेर बघायला लागले.

अंधारात बांचा हात माझ्या हातावर आला. हाडं लागत होती.

“का गं, थांबलीस का?” त्या म्हणाल्या. “बोल ना.”