डोळे मिटा म्हणणारा उजेड

कोल्हारला प्रवरेच्या काठी मांडव पडला होता आणि पंचक्रोशीतली जखमी माणसं त्यात मावत नव्हती. प्रकाशबाबा काळ्या बाटलीतलं तीर्थ जखमेवर लावी, वर काळं कापड धरी, स्वतः नारिंगी चष्मा चढवी आणि म्हणे, "डोळे मिटा. उघड्या डोळ्यांनी पाहाल तर ज्योत दृष्टी घेऊन जाईल." कापडाखाली निळा उजेड पडे. कापड उचललं की जखम काचेसारखी बंद! टाचेच्या जखमेला तीर्थात चिमूटभर अंगारा, गुडघ्याच्या जखमेला तेलासारखे थेंब. प्रत्येकाची प्रकृती बघून देतो, असं बाबाचं म्हणणं. मांडवामागे जनरेटर धडधडत असे. तो लाऊडस्पीकरसाठी आहे, असं लोक धरून चालले होते.

रंभाजी असल्या बाबांच्या वाऱ्याला उभा राहणारा नव्हता. छप्पन साली बौद्ध धर्म घेताना त्याच्या बापाने घरातले देव प्रवरेत सोडले होते, आणि कुणी नवस बोललं की रंभाजी भर चावडीवर त्याची बिनपाण्याने करी. पण या बाबाची बोलीच निराळी होती. मी देवबीव मानत नाही, मी फक्त उजेड देतो, हे विज्ञान आहे, असं तो सांगे. रंभाजी तिथेच फसला. उसात कोयता पायात घुसला तेव्हा तो बायकोला, भागिरथीला म्हणाला, "ह्यो देव न्हाई, उजेड हाय. चल." जखमेतली माती आत राहिली आणि वर झाकण बसलं. सरकारी दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन फुकट मिळत होतं.

त्याची पुतणी जयमाला नगरला दातांची डॉक्टर. ती सुट्टीला आली तेव्हा चुलत्याच्या तोंडात घास जाईना, जबडा आवळला होता. पायावरचं चकचकीत झाकण तिने नखाने खरवडलं आणि ओळखलं. हा माल ती रोज हाताळत होती. तिने जीप करून त्याला नगरला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी जखम उघडून साफ केली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. झटके येत राहिले आणि रंभाजी गेला. जयमालाला रडू फुटेना. तिला नुसता संताप आला होता, आणि तो तिने निवू दिला नाही.

बाबाच्या पुढच्या बैठकीला ती चुलतीला घेऊन गेली. मांडवाबाहेर उन्हात तिने परात ठेवली आणि आपल्या दवाखान्यातल्या काळ्या बाटलीतले थेंब त्यात टाकले. एकात पांढरी पूड मिसळली, दुसऱ्यात पातळ करणारं रसायन. लोक जमले. बाबा म्हणाला, "ताई, ज्योत कोपेल."

"कोपू द्या," जयमाला म्हणाली.

थोड्या वेळात दोन्ही थेंब घट्ट झाले. पूड घातलेला दगडासारखा कडक, दुसरा वाकवला तसा वाकला. तिने ते हातोहात फिरवले.

"दातात सिमेंट भरतात ना, तेच हे. निळ्या दिव्याने घट्ट होतं, उन्हानेही होतं, म्हणून बाटली काळी. पूड घातली की टाचेला, पातळ केलं की गुडघ्याला. दिव्याची वायर दिसू नये म्हणून तुम्ही डोळे मिटायचे. यात औषध काहीच नाही. जखम वरून बुजते, आत सडते."

कुणीतरी मागे जाऊन जनरेटर बंद केला. बाबाने कापड झटकलं, खालच्या दिव्याचं बटण दाबून पाहिलं. ज्योत उगवली नाही.

तरीही एक म्हातारा पुटपुटला की गुण तर येतो. तेव्हा भागिरथी पुढे झाली. तिचा आवाज चढला नाही.

"माझा मालक देवाला फसला न्हाई, उजेडाला फसला. खरा उजेड डोळं मिटाया सांगत न्हाई, बाबांनो. जो मिटा म्हनल, त्याच्यापुढं आधी उघडा. आनि कोयता लागला तर जखम धुवा, दवाखान्यात जावा."

रांगेतली पहिली बाई पायावरचं फडकं सावरत उठली आणि दवाखान्याच्या वाटेला लागली.